तबकडी शाबूत, वाचणारा नाही

इंग्लंड जिंकून एकोणीस वर्षे झाल्यावर विल्यम राजाने हिशेब मागितला. १०८५ च्या नाताळात दरबार भरला आणि ठरले की गावोगाव माणसे पाठवायची आणि विचारायचे, जमीन कोणाची, नांगर किती, कुरण किती, पाणचक्क्या किती, आणि हेच सगळे आधीच्या राजाच्या काळी किती होते. १०८६ मध्ये पाहणी झाली. तेरा हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद असलेले ते दफ्तर मेंढीच्या कातड्यावर, आखडलेल्या लॅटिनमध्ये लिहिले गेले. लोकांनी त्याला ‘डूम्सडे बुक’ म्हटले, म्हणजे कयामतच्या दिवसाची किताब. त्यात जे लिहिले त्यावर पुढे दाद मागायची सोय नाही, असा त्या नावाचा रोख होता. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते पुस्तक आजही आहे, आणि लॅटिन व ती जुनी वळणे शिकलेला माणूस ते आजही वाचतो.

या पुस्तकाला १९८६ साली नऊशे वर्षे पुरी होणार होती. बीबीसीने ठरवले की नवे डूम्सडे करायचे, आणि या वेळी राजाच्या कारकुनांनी नव्हे, शाळकरी मुलांनी. सगळा देश नकाशावर चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरच्या चौकटींत कापला. एकेक चौकट एकेका शाळेला दिली. मुलांनी आपापल्या चौकटीत फिरून लिहायचे होते. दुकाने किती, कशाची, घरात जेवायला काय करतात, शाळा सुटल्यावर काय खेळतात, गावात काय बंद पडले, काय नवे आले. दहा लाखांवर माणसांचा हात या कामाला लागला असे सांगतात. सुमारे १,४७,००० पाने मजकूर आणि २३,००० छायाचित्रे जमली. मी शिक्षक आहे, म्हणून या उपक्रमाचे मला जास्तच कौतुक आहे. दहा वर्षांच्या पोराला आपल्या गल्लीचा इतिहासकार करायचे, याहून चांगला गृहपाठ मला तरी सुचत नाही.

आता हे सगळे ठेवायचे कुठे? त्या काळी घरच्या संगणकाच्या फ्लॉपीवर काही शेकडा किलोबाइट मावत. इथे तर नकाशे, फोटो, आकडे, चित्रफिती असा सगळा पसारा. म्हणून लेसर डिस्क निवडली. ताटाएवढी, तीस सेंटिमीटर व्यासाची चकाकणारी तबकडी. अशा दोन तबकड्या निघाल्या, एक लोकांनी लिहिलेली आणि एक सरकारी आकडेवारीची. त्या वाचायला फिलिप्स कंपनीने खास प्लेअर बनवला. त्याला एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मास्टर’ संगणक जोडायचा, तोही खास जोडणी वाढवलेला. उंदराऐवजी हाताखाली फिरवायचा एक गोळा होता. या सगळ्या संचाची किंमत सुमारे ५,००० पौंड. ज्या शाळांच्या पोरांनी मजकूर लिहिला, त्यांतल्या बहुतेकांना तो विकत घेणे परवडले नाही. म्हणजे आपण लिहिलेले पान पडद्यावर कसे दिसते, हे बऱ्याच मुलांनी कधी पाहिलेच नाही.

पुढे बाजाराने दुसरी वाट धरली. सीडी आली, आयबीएमच्या धाटणीचे पीसी सगळीकडे पसरले, फिलिप्सचा तो प्लेअर बनणे थांबले, एकॉर्नचे ते संगणक अडगळीत गेले. मार्च २००२ मध्ये लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने बातमी दिली की नऊशे वर्षांपूर्वीचे कातडे वाचता येते आणि पंधरा वर्षांपूर्वीची तबकडी वाचता येत नाही. ही बातमी जगभर फिरली. आजही कोणी ‘डिजिटल काळोख’ वगैरे शब्द वापरून भाषण करायला उठले की हेच उदाहरण देते.

पण बातमीत एक गोष्ट नीट सांगितली गेली नाही, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. तबकडीला काहीही झाले नव्हते. तिच्यावरचे खड्डे जिथल्या तिथे होते. आजारी पडला होता तो वाचणारा. आणि वाचणारा म्हणजे एक यंत्र नव्हे, एकावर एक उभी असलेली तीन-चार मजल्यांची माडी आहे. तळाला तबकडी. तिच्यावर प्लेअर, जो खड्ड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो. त्याच्यावर संगणक आणि त्याची जोडणी. त्याच्यावर तो प्रोग्राम, ज्याला ठाऊक आहे की अमुक आकडा म्हणजे नकाशातला अमुक कोपरा. आणि सर्वांत वर हे सगळे कसे बसवले होते ते आठवणारा माणूस. यातला कुठलाही एक मजला ढासळला की खालची तबकडी कितीही लखलखीत असो, ती आरसा म्हणून भिंतीला लावण्यापलीकडे कामाची उरत नाही.

ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाने आणि अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने मिळून ‘कॅमिलिऑन’ नावाचा एक प्रकल्प चालवला होता. त्यांनी डूम्सडेसाठी जो उपाय केला त्याला एमुलेशन म्हणतात. आपल्या गावात बहुरूपी येतो, पोलिसाचा वेष घेतो, आणि असा काही दरडावतो की नवखा माणूस खरेच घाबरतो. तसा आजचा संगणक जुन्या संगणकाचे सोंग घेतो. जुन्या प्रोग्रामला वाटते आपण आपल्याच बीबीसी मास्टरवर चाललो आहोत. त्याने ‘तबकडीचे अमुक पान दे’ म्हटले की सोंग घेतलेला संगणक आपल्या हार्ड डिस्कवरून ते पान काढून देतो. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. २००२ च्या अखेरीस हे सोंग चालताना लोकांना दाखवले गेले.

दुसऱ्या लोकांनी उलट वाट धरली. जुना प्रोग्राम बाजूला ठेवायचा, तबकडीतला मजकूर आणि चित्रे तेवढी उपसून काढायची आणि आजच्या पद्धतीने मांडायची. एका प्रोग्रॅमरने असे करून लोकांनी लिहिलेली तबकडी वेबसाइटवर चढवली. ते गृहस्थ २००८ मध्ये अचानक वारले आणि ती साइट बंद पडली. २०११ मध्ये खुद्द बीबीसीने ‘डूम्सडे रिलोडेड’ नावाने सगळा मजकूर पुन्हा लोकांसमोर आणला, आणि तिशी उलटून पुढे गेलेल्या त्या जुन्या मुलांना सांगितले की आपल्या चौकटीत आता काय आहे ते लिहा. २०१८ मध्ये तीही साइट बंद झाली. तिची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेब संग्रहात आहे. म्हणजे पाहा, तबकडी एकदाच वाचली म्हणून सुटका होत नाही. पंधरा-वीस वर्षांत एकच मजकूर तीनदा तरी नव्याने वाचवावा लागला.

आणि तरीही आणखी काही हौशी लोक आजही त्याच तबकडीच्या मागे आहेत. ‘डूम्सडे८६’ नावाच्या त्यांच्या कामाची युक्ती मला फार आवडली. प्लेअर चित्र तयार करण्याआधी लेसरकडून जी कच्ची लहर येते, तिलाच ते तार जोडून पकडतात आणि जशीच्या तशी साठवतात. लहरीचा अर्थ लावायचे काम नंतर आजच्या संगणकावर, सावकाश, हवे तितक्या वेळा. उद्या अर्थ लावायची याहून चांगली रीत निघाली तर पुन्हा तबकडीकडे जायला नको, लहर घरात आहेच.

मराठी माणसाला हे सगळे नवे वाटू नये. आपल्याकडे मोडीचे रुमाल आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून गावच्या जुन्या वाड्यांपर्यंत लाखो कागद पडून आहेत. कागद चांगला आहे, शाई काळीभोर आहे, पण १९५० च्या सुमारास मोडी शाळा-कचेऱ्यांतून गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारा दुर्मिळ झाला. फारसीचे तर त्याहून वाईट. आदिलशाही, निजामशाही, मोगल काळाचे कागद शिकस्ता वळणात असतात. शिकस्ता म्हणजे मोडलेले. घाईत लिहिताना कारकून नुक्ते गाळतो, जोडू नये ती अक्षरे जोडतो. मला उर्दू येते, तिच्यावर माझे पोट चालते, तरी शिकस्ता फर्मान समोर आले की पहिला अर्धा तास मीही नुसता बघत बसतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या नावाने असे कागद खंडाखंडांनी मूळ मजकूर आणि मराठी भाषांतरासह छापले नसते, तर आपल्या इतिहासाची एक मोठी खोली आजही कुलूपबंद असती. फरक एवढाच की मोडी आणि शिकस्ता मरायला पन्नास-शंभर वर्षे लागली. वाचणारा मधल्या काळात आपला शागीर्द तयार करू शकला. संगणकाच्या जगात एवढा अवधी मिळत नाही.

वाचणाऱ्यासाठी कोणी किती दिवस थांबावे? याचे मला माहीत असलेले सर्वांत विलक्षण उदाहरण चंद्राचे आहे. माणूस उतरवण्याआधी जागा हेरायला अमेरिकेने १९६६ आणि १९६७ मध्ये ‘लूनर ऑर्बिटर’ नावाची पाच याने चंद्राभोवती पाठवली. त्या यानांत खरीखुरी फिल्म होती. फोटो यानातच धुतला जाई, मग प्रकाशाच्या बारीक ठिपक्याने पट्ट्यापट्ट्यांनी वाचून पृथ्वीवर पाठवला जाई. इथे तो दोन इंच रुंदीच्या चुंबकीय टेपवर उतरे. त्या काळी घाई होती. पडद्यावर दिसलेल्या पट्ट्यांचे पुन्हा फोटो काढून त्यांवरच काम भागवले गेले. खरा तपशील टेपवर होता आणि टेपा गोदामात गेल्या. सुमारे १,५०० टेपा.

१९८० च्या दशकात विचारणा झाली की या टेपांचे काय करायचे. नासाच्या जेपीएल या संस्थेत नॅन्सी इव्हान्स नावाच्या बाई ग्रहांच्या माहितीचा संग्रह सांभाळत. त्यांनी टेपा टाकू दिल्या नाहीत. पण टेपा वाचणारे अँपेक्स एफआर-९०० हे यंत्र तोवर कालबाह्य झाले होते. कपाटाएवढे ते यंत्र मुळातच मोजके बनले होते. बाईंनी सरकारी अडगळीतून अशी चार यंत्रे मिळवली आणि जागा नाही म्हणून स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये ठेवली. निधीसाठी अर्ज केले, मिळाला नाही. यंत्रे वीस-एक वर्षे तिथेच राहिली. बाई निवृत्त झाल्या. २००७ च्या सुमारास डेनिस विंगो आणि कीथ काउइंग या दोघांना हे कळले. त्यांनी यंत्रे आणि टेपा कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात हलवल्या. जागा कुठली मिळाली, तर त्या आवारातले बंद पडलेले मॅकडोनल्डचे हॉटेल. चार यंत्रांचे सुटे भाग एकत्र करून, निवृत्त तंत्रज्ञांना बोलावून, वाचणारी चुंबकी डोकी दुरुस्त करून त्यांनी एक यंत्र चालू केले. नोव्हेंबर २००८ मध्ये पहिले चित्र बाहेर आले. २३ ऑगस्ट १९६६ रोजी चंद्राच्या क्षितिजावरून टिपलेली आपली पृथ्वी. १९६६ मध्ये लोकांनी तेच चित्र धूसर पाहिले होते. बेचाळीस वर्षांनी ते स्वच्छ दिसले.

याच नासाची दुसरी गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरले तेव्हाची मूळ टेलिमेट्रीची टेप, जिच्यावर टीव्हीवर दिसले त्याहून चांगल्या प्रतीचे चित्र होते, ती शोधायला २००० नंतर लोक निघाले. २००९ मध्ये निष्कर्ष निघाला की टेपांचा तुटवडा होता तेव्हा इतर हजारो टेपांबरोबर तीही बहुधा पुसून पुन्हा वापरली गेली. सगळे जग जे पाहत होते ते टीव्हीवरचे चित्रण राहिले, म्हणून फारसा बोभाटा झाला नाही. पण दोन्ही ठिकाणी संस्था एकच होती, काळही साधारण तोच. एका ठिकाणी एक बाई अडून बसली आणि दुसऱ्या ठिकाणी कोणी अडून बसले नाही.

एवढी मोठी उदाहरणे वाचून वाटते, हे विलायतेतले, बड्या संस्थांचे प्रश्न आहेत. आपल्याकडे कुठे चंद्राच्या टेपा आहेत? नाहीत. पण उर्दू आणि मराठी छपाईचे काय झाले ते आठवून पाहा.

उर्दू नस्तालिक ही उतरत्या वळणाची लिपी. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली येत संपतो. अक्षर शब्दात कुठे येते यावर त्याचा आकार बदलतो. शिशाच्या खिळ्यांत ती कधी नीट बसलीच नाही, म्हणून १९८० पर्यंत उर्दूचे रोजचे वर्तमानपत्रसुद्धा कातिब बोरूने हाताने लिहीत. मग कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती एकेक करून लिहिल्या, मोनोटाइप कंपनीने त्या यंत्रात बसवल्या, आणि त्या अक्षरांना जमील साहेबांच्या वालिदांच्या नावावरून ‘नूरी नस्तालिक’ म्हटले गेले. १९८१ मध्ये लाहोरचे ‘जंग’ त्यावर निघाले. पुढे १९९४ च्या सुमारास दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने ‘इनपेज’ आणले आणि साध्या पीसीवर नस्तालिक उमटू लागली. पाच-सात वर्षांत मालेगाव, भिवंडी, मुंबई, औरंगाबाद, जिथे जिथे उर्दू छापली जाते तिथे तिथे कातिबाच्या चटईच्या जागी संगणक आला. हा उपकार मोठा होता. माझी पिढी त्याच अक्षरांवर उर्दू वाचायला शिकली.

मराठीत त्याच वेळी श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे फॉन्ट आले. तेव्हा भारतीय अक्षरांना संगणकात सगळ्यांना मान्य अशी जागा वापरात नव्हती. इस्की नावाचे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीही होती, पण डीटीपीच्या दुकानापर्यंत हे पोचायला पंधरा वर्षे लागली. मधल्या काळात प्रत्येक फॉन्टवाल्याने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या सोयीने मराठी तुकडे बसवले. बऱ्याच फॉन्टांत ‘क’ हे एक अक्षरच नव्हते, अर्धा क आणि पुढे एक दांडी असे दोन तुकडे होते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडमध्ये मात्र आधी व्यंजन, मग वेलांटी, कारण जिभेचा क्रम तो आहे. रफाराची तर आणखी वेगळी कथा. म्हणून १९९८ ची मराठी फाइल आज उघडली की पडद्यावर डॉलर, टक्के, कंस आणि उलटी प्रश्नचिन्हे यांची खिचडी दिसते. मजकूर तिथेच आहे. फॉन्टचे नाव कळले तर तो सोडवताही येतो. नाव कळले नाही तर मोडीचा कागद बरा.

आपल्या समाजाच्या बाबतीत हा काळ नेमका नाजूक होता. सोलापूरपासून सुरू झालेली मुस्लिम मराठी साहित्य संमेलने, त्यांच्या स्मरणिका, छोट्या गावांतली अनियतकालिके, उर्दू शाळांचे शतक महोत्सवी अंक, कोणाच्या पैशाने तीनशे प्रती काढलेली कवितेची पुस्तके, हे सगळे नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर लगेच याच फॉन्टांत आणि याच फ्लॉप्यांवर झाले. मोठ्या प्रकाशकाकडे निदान छापील प्रत ग्रंथालयात जाते. तीनशे प्रतींच्या पुस्तकाची एकही प्रत कुठे जात नाही. आणि जे छापायचे राहून गेले, त्याचे तर फ्लॉपी हेच एकमेव घर.

तसे एक घर माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेचे मरहूम हेडमास्तर, त्यांनी कोकणी मुसलमानांच्या बोलीतले शब्द आणि बायकांची लग्नातली गाणी आयुष्यभर जमवली होती. निवृत्तीनंतर, १९९७-९८ मध्ये, गावात संगणक शिकलेल्या एका पोराला हाताशी धरून ती उर्दू लिपीत टाइप करून घेतली. वह्या पुढे एका पावसाळ्यात घरात पाणी शिरून गेल्या. राहिल्या अकरा फ्लॉप्या, बिस्किटाच्या डब्यात. मुलगा कुवेतला असतो. तो म्हणाला, “सर, अब्बांचं काय आहे यात ते मला नुसतं वाचून तरी दाखवा.” गाणी सांगणाऱ्या बायकांपैकी आता एकही हयात नाही.

साडेतीन इंची फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकच्या कवचात लोहाच्या ऑक्साइडचा मुलामा दिलेली पातळ चकती. दोन बाजू, प्रत्येकीवर ऐंशी कडी, प्रत्येक कड्यात अठरा घरे, घरात ५१२ बाइट. गुणाकार करा, १४,७४,५६० येतात, तीच आपली ‘एक पूर्णांक चव्वेचाळीस’. सोनीने २०११ मध्ये ती बनवणे थांबवले. जपान सरकारने आपल्या नियमांतून फ्लॉपीची सक्ती काढली ती २०२४ मध्ये, पण त्याने काही नवीन ड्राइव्ह तयार होत नाहीत. कोकणातल्या हवेत चकतीला बुरशी धरते. बुरशी धरलेली चकती ड्राइव्हमध्ये घातली की वाचणारे डोके ती बुरशी आणि तिच्याबरोबर मुलामाही खरवडून काढते, आणि खराब झालेले डोके पुढची फ्लॉपीही खाते. म्हणून पहिला नियम असा की कवचाची पत्री सरकवून, चकती हाताने फिरवून उजेडात पाहायची. पांढरे डाग दिसले तर आधी सफाई. कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे संगणक वाचताना चुकूनही तिच्यावर काही लिहू शकत नाही. आणि आत शिरल्यावर विंडोजने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का’ असे अदबीने विचारले तर नको म्हणायचे.

अकरांपैकी आठ साध्या यूएसबी ड्राइव्हवर निघाल्या. उरलेल्या तिघींसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने पीसी दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेलो. त्याच्याकडे रुंद पट्टीच्या तारेचा जुना ड्राइव्ह होता आणि त्याला जोडायचे ‘ग्रीझविझल’ नावाचे छोटे सर्किट. ते साधा ड्राइव्ह करतो तसा ‘हे घर वाचले, हे नाही वाचले’ असा फैसला देत नाही. चकतीवर चुंबकत्वाची दिशा कुठे कुठे पलटते त्या प्रत्येक क्षणाची नोंद ते करते, बस. डूम्सडेवाले लेसरची लहर पकडतात, तीच ही युक्ती. एकच कडे वीसदा वाचले तर एखाद्या वेळी ते नीट येते. अमेरिकेत अँडी वॉरहॉल या चित्रकाराने १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रे २०१४ मध्ये पिट्सबर्गला फ्लॉप्यांतून बाहेर काढली तेव्हाही असेच साधन वापरले होते. आमच्या आणखी दोन फ्लॉप्या अशा सुटल्या. अकरावी नाही. उजेडासमोर धरली तर तिच्यातून आरपार उजेडाचे एक कडे दिसते. तिथे मुलामाच उरलेला नाही.

मग फाइली. उर्दू डीटीपीच्या जुन्या फाइलीतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे छोटे प्रोग्राम आता फुकट मिळतात. चालवला आणि पहिल्याच मिनिटात पडद्यावर वाचता येण्याजोगी उर्दू आली, तेव्हा मला वाटले काम झाले. आकड्यांचे क्रम काही ठिकाणी उलटले होते, दोन प्रकारचे ‘हे’ एकमेकांत मिसळले होते, ते हाताने दुरुस्त होण्यासारखे होते. पण शब्द वाचू लागलो तसा घोटाळा ध्यानात आला. कोकणी बोलीत ‘चमचा’तला च वेगळा आणि ‘चार’मधला वेगळा. ज चेही तसेच. उर्दूत दोन्हींना एकच चे, एकच जीम. भाषेच्या माणसाने हा भेद सोडला असेल हे शक्य नव्हते. मग एका छापील चाचणी पानावर कोडे उलगडले. मास्तरांनी दंत्य उच्चाराच्या अक्षरावर बारीक वर्तुळ काढले होते. टाइप करणाऱ्याकडे तसे अक्षर नव्हते, म्हणून त्याने चित्र काढायच्या साधनाने पानावर वर्तुळे रेखून ती एकेका अक्षरावर नेऊन ठेवली होती. शेकडो वर्तुळे. बदलणाऱ्या प्रोग्रामला मजकूर तेवढा कळतो, चित्र कळत नाही. त्याने सगळी वर्तुळे गाळून टाकली होती.

म्हणजे मजकूर उपसून काढण्याची वाट इथे खुंटली. उरली बहुरूप्याची वाट. आजच्या संगणकाला विंडोज ९८ चे सोंग द्यायचे, त्यात त्या काळचा तो प्रोग्राम चालवायचा आणि पान जसे मास्तरांनी पाहिले तसे पाहायचे. पण त्या वेळचे असे प्रोग्राम प्रिंटरच्या खोबणीत लावायच्या किल्लीशिवाय उघडत नसत, आणि ती किल्ली घरात कोणाला सापडेना. शेवटी मालेगावच्या एका डीटीपीवाल्या मित्राने आपल्या दुकानाच्या माळ्यावरून जुना पीसी उतरवला, त्याच्या पाठीला धुळीने माखलेली किल्ली अजून तशीच होती. पीसी तिसऱ्या खेपेला सुरू झाला. दोन दिवस बसून आम्ही प्रत्येक पान छापून काढले. वर्तुळे जिथल्या तिथे. ती पाने समोर ठेवून मी आता युनिकोडची प्रत दुरुस्त करतो आहे. देवनागरी प्रतीत दंत्य च-ज खाली नुक्ता देतो, म्हणजे मराठी वाचणाऱ्यालाही उच्चार कळेल.

मालेगावचा तो पीसी मित्राने पुन्हा माळ्यावर टाकला नाही, पलंगाखाली ठेवला आहे. त्याच्याकडे आतापर्यंत आणखी तिघांनी विचारणा केली. एकाकडे मशायऱ्याच्या वीस वर्षांच्या निमंत्रणपत्रिका आणि गझला आहेत, एकाकडे एका अनियतकालिकाचे सगळे अंक. कोणाकडे अशा फ्लॉप्या किंवा झिप डिस्क असतील तर त्यांनी उघडून पाहण्याची घाई करू नये, फक्त कोरड्या जागी ठेवाव्यात, टाइप कोणी केले, कुठल्या दुकानात, कुठल्या प्रोग्रामवर, एवढे एका कागदावर लिहून त्याच डब्यात घालावे, आणि तो टाइप करणारा माणूस हयात असेल तर त्याला या महिन्यातच भेटून यावे.

हेडमास्तरांच्या अकराव्या फ्लॉपीच्या लेबलावर त्यांच्याच अक्षरात ‘सीन ते फे’ असे लिहिले आहे. शब्दकोशाचा तेवढा भाग गेला. गाणी दुसऱ्या फ्लॉप्यांवर होती, ती आली. त्या गाण्यांत सीन, शीन, ऐन, गैन, फे पासून सुरू होणारे काही शब्द सापडतात, ते मी बाजूला काढतो आहे. आजवर एकशे चौदा झाले. बाकीच्यांसाठी मुलगा रमजानच्या सुट्टीत येईल तेव्हा गावातल्या दोन म्हाताऱ्यांकडे बसायचे ठरले आहे. मास्तरांना आठवणाऱ्या तेवढ्याच दोघी उरल्या आहेत.